अठरावर काढलेला फोटो

आहेर काकांच्या निवृत्तीच्या फ्लेक्ससाठी फोटो कोण काढणार, असं खात्याचा सुपरवायझर हर्षल याने डबा खाताना विचारलं आणि राखीने घाईघाईने हात वर केला. तुला येतं का, असं कुणी विचारलं नाही. दोन महिन्यांपूर्वी तिने जुना कॅमेरा घेतल्याचं सगळ्या खात्याला माहीत होतं, कारण तिनेच ते सगळ्यांना सांगितलं होतं.

रंगनाथ आहेर मूळचे चांदवडचे. अंबडच्या कारखान्यात तपासणी खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. नगांची जाडी मोजायचा मायक्रोमीटर पुसायला त्यांच्या खिशात एक वेगळा रुमाल असे, त्याने ते कधी घाम पुसत नसत. डिप्लोमा करून राखी खात्यात आली तेव्हा पहिले आठ दिवस त्यांनी तिला मोजायला काही दिलंच नाही, नुसतं धरायला शिकवलं. फ्लेक्सचा त्यांना मनापासून कंटाळा. "तोंड मोठं करून टांगलं की माणूस मोठा होतो का गं?" असं ते म्हणायचे. पण त्यांच्या बायकोने, सगुणाबाईंनी, हट्टच धरला होता. "गल्लीत पोरासोरांचे लागत्यात वाढदिवसाचे. ह्यांनी काय घोडं मारलंय?"

फोटो काढायचा ठरला तो तपासणीच्या खोलीत. कॅमेऱ्याच्या लेन्सवर १८ ते ५५ असे आकडे होते, पुढे मिलिमीटर. मिलिमीटर म्हटल्यावर राखीला दुसऱ्या कुणाला विचारायची गरज वाटली नव्हती. दिवसभर ती त्यातच असायची. मायक्रोमीटर जसे मापाप्रमाणे वेगवेगळे येतात, एक शून्य ते पंचवीसचा, एक पंचवीस ते पन्नासचा, आणि लहान नगाला लहान मापाचा घ्यायचा असतो, तसंच हे, असं तिने ठरवून टाकलं. जवळच्या वस्तूला अठरा, लांबच्याला पंचावन्न. माणूस समोर स्टुलावर बसलेला, म्हणजे अठरा.

अठरावर ठेवलं तर काका फारच लहान दिसत होते. म्हणून ती पुढे सरकली. आणखी पुढे. शेवटी काकांच्या तोंडापासून जेमतेम फुटावर कॅमेरा आला.

"अगं, नाकात घालतेस का?" काका म्हणाले.

"हसू नका काका, हलतंय."

कॅमेऱ्यामागच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर फोटो झकास दिसला. चेहरा भरून आलेला, डोळ्यांत चमक. तिने तो हर्षलला पाठवला, हर्षलने उत्तमनगरातल्या दिनेशला. कंपनीचे सगळे फ्लेक्स दिनेशच छापायचा.

रविवारी सकाळी समारंभाच्या हॉलच्या दारात दहा बाय सहाचा फ्लेक्स लागला होता. राखी नवा ड्रेस घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून गेली, ती कोपऱ्यावरच थांबली.

नाक सगळ्यात आधी दिसत होतं. ते चेहऱ्यातून निघून रस्त्यावर येऊ बघत होतं. कपाळ फुगलेलं, गाल मागे ओढलेले, आणि कान तर जवळजवळ नव्हतेच. खाली ठळक अक्षरांत 'सेवापूर्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा'. काकांसारखं त्यात काही असेल तर ती मिशी. बाकी कुणी तरी काकांची टर उडवण्यासाठी चितारल्यासारखं होतं.

"आहेरांना काय मधमाश्या चावल्या का?" खात्यातला एक जण म्हणाला आणि चार-पाचजण खदाखदा हसले. कुणी तरी मोबाईल काढला.

तेवढ्यात रिक्षातून काका आणि सगुणाबाई उतरले. सगुणाबाई हिरव्या पैठणीत. त्यांनी वर पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "अगं बाई. ह्ये कोण हाय?"

काकांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

हर्षल भडकला. "फ्लेक्सवाल्याने फोटो ताणलाय! जागा भरायला ओढला आडवा. ह्या लोकांना अक्कल म्हणून नसते." त्याने फोन लावला. दहा मिनिटांत दिनेश गाडीवरून आला. हेल्मेट काढायच्या आतच हर्षलने सुरुवात केली.

"काय करून ठेवलंस हे?"

"साहेब, मी हात नाही लावला. आला तसा टाकला. आईशप्पथ."

"आला तसा? आम्ही असला फोटो पाठवू? राखी, इकडे ये. तू सांग याला. तुझा फोटो असा होता?"

सगळे तिच्याकडे वळले. काकाही. राखीला त्या क्षणी खात्रीने काहीच माहीत नव्हतं. पण एवढं माहीत होतं की फोटोत काकांच्या पाठीमागच्या भिंतीवरचं घड्याळ गोलच आहे, आणि फोटो आडवा ओढला असता तर ते लांबट झालं असतं.

"माझ्या कॅमेऱ्यात... चांगला दिसत होता," ती म्हणाली.

"ऐकलंस?" हर्षल म्हणाला. "कंपनीचं काम आजपासून बंद तुझं. बाकीच्या खात्यांनाही सांगतो."

दिनेशने राखीकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं. मग तो शिडीवर चढला, सुतळ्या कापल्या आणि फ्लेक्सची गुंडाळी करून गाडीवर आडवी टाकून घेऊन गेला.

समारंभ झाला. शाल झाली, नारळ झाला, काका दोन वाक्यं बोलून खाली बसले. राखीने दिवसभर फोटो काढले, पण जवळ कुणाच्याच गेली नाही.

घरी येऊन तिने लॅपटॉपवर मूळ फोटो उघडला. तेच नाक, तेच कपाळ. तसूभर फरक नव्हता.

आई ओट्यापाशी मेथी निवडत बसली होती. "आई, तशीच बस," म्हणून राखीने अठरावर ठेवून फूटभरावरून एक फोटो काढला. मग पंचावन्नवर ठेवलं आणि आईचा चेहरा चौकटीत तेवढाच दिसेपर्यंत मागे मागे गेली. पाठ दाराच्या चौकटीला टेकली. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. पहिल्यात आई काकांची बहीण वाटत होती. दुसऱ्यात आई होती.

म्हणजे अठराचा आकडा वाईट? तिने तिसरा फोटो काढला. दारातच उभी राहून, पण अठरावर. आई त्यात इवलीशी आली. तिने लॅपटॉपवर तेवढाच चेहरा कापून मोठा केला. थोडा भुरकट, पण नाक जागेवर, कान जागेवर. पंचावन्नच्या फोटोसारखाच. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. आकडा चेहरा बिघडवत नाही. आकडा फक्त किती मावणार ते ठरवतो. अठरात खूप मावतं, म्हणून चेहरा चौकटभर करायला माणूस पुढे पुढे घुसतो, आणि बिघडतं ते त्या घुसण्यानं. नाकापासून कानापर्यंत पाच इंच. कॅमेरा फुटावर असेल तर नाक बारा इंचांवर, कान सतरा इंचांवर. नाक मोठं होणार नाही तर काय? तीन फुटांवरून बघितलं तर त्या पाच इंचांना कोण विचारतं?

इतकं साधं त्रैराशिक. एरवी असलं काही समजलं की ती आधी चार जणांना सांगत सुटायची. आज ती लॅपटॉप मिटून पालथी पडून राहिली. दिनेशची शिडीवरची पाठ डोळ्यांसमोरून हलेना.

सोमवारी पहिली पाळी सुटल्यावर ती उत्तमनगरला गेली. दिनेश कुठल्याशा जिमचा फ्लेक्स कापत होता.

"दादा, तो फोटो माझ्याकडूनच बिघडला होता. तुम्ही काही केलं नव्हतं."

"माहीत आहे ना," तो मान वर न करता म्हणाला. "फाइल माझ्याकडेच आहे."

"मग तेव्हा का नाही दाखवलीत?"

"कुणाला? तुम्ही तिथंच उभ्या होतात की ताई. चांगला दिसत होता म्हणालात. आता तुमच्यासमोर मी मोबाईल काढून दाखवायचा, तर हर्षल साहेब म्हणणार, ही पण तूच ताणलीस. तुमचं ऐकणार की माझं?"

"मी चुकले," राखी म्हणाली.

"मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं." त्याने पट्टी उचलली. "सरका जरा, कापायचंय."

तिथून ती चालत आहेर काकांकडे गेली. काका बनियनवर, खुर्चीत. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच सोमवारी दुपारी घरी. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मायक्रोमीटर, अठरा, पाच इंच, आणि शेवटी दिनेश.

सगुणाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "जाऊ दे गं पोरी, लय मनाला लावून घेऊ नको. फोटोच तर हाय. आता काढ की दुसरा बरा. मी ह्यांना सदरा घालाया लावते."

"थांब," काका म्हणाले. बायकोला नव्हे, राखीला. "नाक मोठं आलं त्याचं मला काही नाही. शिकणाऱ्याच्या हातून नग बिघडतो. पण सप्लायरचा माल आपण चुकीचा मोजला आणि रिजेक्ट करून पाठवला, तर काय करतो?"

"परत मोजतो."

"मग?"

"लेखी कळवतो. चूक आमची होती म्हणून."

"कुणाच्या सहीने?"

"ज्याने मोजलं त्याच्या."

"आणि कुणाला कळवतो? गुपचूप सप्लायरला?"

राखीने हातातला तांब्या खाली ठेवला. "ज्यांना ज्यांना रिजेक्शन कळवलं होतं, त्या सगळ्यांना."

"तेवढं कर. फोटोचं नंतर बघू." ते उठून आत गेले. रागावलेत की काय, तिला कळलं नाही. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

मंगळवारी सातच्या पाळीला ती पावणेसातलाच पोचली. एक कागद तिने रात्रीच लिहून आणला होता. पाच ओळी. रविवारच्या फ्लेक्सवरचा फोटो मी काढला होता. तो फार जवळून काढल्यामुळे चेहरा बिघडला. छपाईत काहीही दोष नव्हता. मला विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं नाही. दिनेश यांना सर्वांसमोर बोल लागला, तो माझ्यामुळे. खाली सही, तारीख.

नोटीस बोर्डावर तो चार टाचण्यांनी लावून ती बाजूला उभी राहिली. निघून जायचं नाही, एवढंच तिने स्वतःला बजावलं होतं. माणसं येत होती, पंचिंग करत होती, थांबून वाचत होती. एक जण वाचून हसला. एक जण "बापरे" म्हणाला. मधमाश्यांवाल्याने कागदाचा फोटो काढला. कान इतके तापले होते की पुढचं कोण काय बोललं ते तिला नीट ऐकूही आलं नाही.

हर्षल आला. त्याने कागद दोनदा वाचला. त्याचाही चेहरा उतरला.

"काढ तो कागद," तो हळू आवाजात म्हणाला. "मला एकट्याला सांगितलं असतंस तरी झालं असतं. उगाच शोभा."

"दिनेशची झाली तेव्हा सगळेच होते ना," राखी म्हणाली. "राहू दे आजचा दिवस."

हर्षल मोबाईल काढून खिडकीपाशी गेला. "हां, दिनेश? हर्षल बोलतोय. अरे, ते रविवारचं..." पुढचं पाळीच्या सायरनमध्ये बुडालं. राखी तिथेच उभी होती. अजून खात्यातले चौघे वाचायचे राहिले होते.