एका आळीचा एक पेपर

मेरिन ट्रेगिल्गसकडे नोला प्रूएटबाईंचं पहिल्यांदा लक्ष गेलं ते नेटबॉलच्या मैदानावर. पोर्ट हॅलोरन या ऑस्ट्रेलियातल्या समुद्रकाठच्या गावच्या मुली एकतीस गोलांनी हरल्या होत्या आणि ही रुंद टोपीवाली बाई वही घेऊन हरलेल्यांच्याच बाकापाशी वाकून उभी होती. राखीव मुलींचीही नावं ती नीट विचारून लिहून घेत होती. बत्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेल्या नोलाबाईंना ती तिथेच आवडली.

मेरिन ‘हॅलोरन बीकन’ या गावच्या साप्ताहिकासाठी जाहिराती मिळवायची. शहरातल्या मालकांनी छपाई थांबवली, तेव्हा तिने ते नाव त्यांच्याकडून मागून घेतलं आणि पेपर इंटरनेटवर सुरू केला. महिन्याची वर्गणी दोन पेस्टींच्या, म्हणजे खिम्याच्या भाजलेल्या करंज्यांच्या, किमतीएवढी. मुदत तिने स्वतःच ठरवली होती. ऑक्टोबरातल्या कृषी मेळ्यापर्यंत तीनशे घरं जोडली गेली तर पेपर चालवायचा. नाहीतर अ‍ॅडलेडला बहिणीकडे जाऊन दवाखान्यात नोकरी धरायची.

ऑगस्ट संपला तरी घरं एकेचाळीसच. बातम्या मात्र गावाला तोंडपाठ. एकदा तिने खेकडे पकडण्याच्या स्पर्धेची वेळ चुकवली, तर न्याहारीच्या आत सत्तर जणांनी फोन करून तिला टोकलं.

“एकेचाळीस वर्गणीदार आणि सत्तर तक्रारी,” ती नोलाबाईंना म्हणाली. “गणित जमत नाही, मिसेस प्रूएट.”

गणित सुटलं शनिवारी, हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या बोल्स क्लबात. दोघी जेवायला गेल्या होत्या. खडूने लिहिलेल्या फळ्यावर वाटाण्याचं सूप होतं, तळलेला व्हायटिंग मासा होता आणि त्याखाली बीकनचा पासवर्ड.

“कीथ, हे काय आहे?” मेरिनने क्लबाच्या सेक्रेटरीला विचारलं.

“सूप.”

“त्याच्या खाली.”

“तुझा पेपर. सारखे विचारतात लोक, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिला.”

“अरे, ती एकट्या क्लबाची वर्गणी आहे.”

“मग? पूर्वी माझा अंक माझ्याच घरी राहायचा का? मी वाचला की कुंपणावरून शेजारच्या बेरिलकडे, तिच्याकडून पलीकडे, शेवटी मासे गुंडाळायला. पेपर काय एकट्याने वाचायची गोष्ट आहे, पोरी?”

नोलाबाईंचे कान गरम झाले. “मीसुद्धा त्याच पासवर्डने वाचते गं,” त्या हळूच म्हणाल्या.

“तुम्ही? दुसऱ्याच्या वहीत डोकावलं की तुम्ही बाहेर उभं करायचात म्हणे.”

“मला वाटलं, क्लबाने सोय केली आहे.”

मेरिन हसायला लागली ती थांबेचना. डोळे पुसत तिने विचारलं, “तुमच्या आळीत किती घरं?”

“बावीस.”

“आणि तुमचा अंक त्यातल्या किती घरी फिरायचा?”

“निम्म्या तरी.”

“मग मी एकेका घराच्या मागे कशाला लागले आहे? आळीलाच विकते.”

तिने तसंच केलं. आळीने मिळून, घरटी वाटा काढून वर्गणी भरायची, पासवर्ड आळीचा. त्या बदल्यात आळीला स्वतःचं पान: हरवलेलं कुत्रं, झाडावर जास्त झालेली लिंबं, डॉक्टरकडे जाणाऱ्या गाडीत रिकामी जागा. आणि पहिल्या पानावर फुटबॉलच्या संघांचा असतो तसा तक्ता, कोणत्या आळीची किती घरं आली त्याचा. त्या तक्त्याने गावाला चेव आला. जेटी रोड तक्त्यात वर चढला की सायलो रोडवाल्यांना जेवण गोड लागेना. कीथने फळा पुसला आणि स्वतः दारोदार फिरू लागला. त्याला पाहून नोलाबाईंनीही चपला अडकवल्या.

मेळ्याच्या आदल्या बुधवारी तीनशेवं घर आलं. सायलो रोडवरचे क्लॅरी पासको, वय शहाऐंशी, घरात कॉम्प्युटर नाही, फोन भिंतीवरचा.

“क्लॅरी, तुम्ही वाचणार कशावर?” मेरिनने विचारलं.

“बेरिल वाचून दाखवते.”

“मग वर्गणी कशाला?”

“जेटी रोडवाले पुढे चाललेत ना. लिही माझं घर.”

नोलाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं, मेरिनने ते नाव सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं आणि मग कितीतरी वेळ वही मिटलीच नाही.

मेरिन अ‍ॅडलेडला गेलीच नाही; ती आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. दर गुरुवारी सकाळी सहाला ती अंक इंटरनेटवर चढवते आणि मग जेटीवरून समुद्रात पोहायला जाते.