शरदभिया बेटम्याला जातात

शरच्चंद्र मोघ्यांच्या घरी चहात साखरेऐवजी मीठ पडलं, दूध उतू गेलं किंवा दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला 'या' म्हणायचं राहून गेलं, की त्यांच्या पत्नी विनीताबाई एकच प्रश्न विचारत, "गेलात का बेटम्याला?"

बेटमा म्हणजे काही स्वर्ग नव्हे. इंदूरहून धारच्या रस्त्याला लागलं की तासाभरात येणारं बाजाराचं गाव. तिथे शरच्चंद्रांच्या मामांचं शेत होतं. शेत विकलं त्याला तीस वर्षं झाली, मामा गेले त्याला वीस. शरच्चंद्रांचं जाणं-येणं मात्र थांबलं नाही. हातात पेचकस घेतला की पाचव्या मिनिटाला ते मामांच्या विहिरीवर पोचलेले असत. समोर गव्हाचं रान, पाठीवर ऊन, कुठे कोणाची घाई नाही. इकडे अन्नपूर्णा मंदिरामागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत, त्यांचे हात आपले आपण काम करत राहायचे.

या हातांनी आधी रेडिओ उघडले, मग टेप, मग टीव्ही, आणि आता लॅपटॉप. वडील रेल्वेत कारकून होते. मुलाने सरकारी नोकरी धरावी म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं, पण ज्या मुलाने घरातला एकुलता एक रेडिओ सातव्या वर्षी खोलून पुन्हा गाता केला, त्याला नोकरी काय धरून ठेवणार! दुकानाला पाटी नव्हती. लोक "शरदभियांकडे दाखवा" म्हणत, तीच पाटी. टेबलावर स्वच्छ पांढरा टॉवेल आणि स्वयंपाकघरातून निवृत्त झालेला मसाल्याचा डबा. सात वाट्यांत सात प्रकारचे स्क्रू. काम संपल्यावर वाट्या रिकाम्या दिसल्या, की सगळं जागच्या जागी गेलं असं समजायचं.

मग दिवाळीच्या आधी ती फजिती झाली. दोन गिऱ्हाइकांचे दोन काळे लॅपटॉप एकाच दिवशी तयार झाले आणि शरच्चंद्रांनी जयेशचा लॅपटॉप कृष्णरावांना आणि कृष्णरावांचा जयेशला देऊन टाकला. लॅपटॉप दोन्ही उत्तम चालत होते, एवढीच काय ती जमेची बाजू. जयेश दारात उभा राहून इतका बोलला, की समोरच्या बाल्कनीत माणसं जमली. त्रेसष्ट वर्षांचा नवरा मान खाली घालून ऐकून घेतोय, हे विनीताबाईंनी आतून पाहिलं. त्यांना त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

"बस झालं," त्या संध्याकाळी म्हणाल्या. "अजून एक चूक झाली, तर दुकान बंद. जयसिंगरावांच्या स्टेशनरीच्या काउंटरवर माणूस हवाच आहे. तिथे बसा. पेनाची रिफिल चुकली तर कोणी गल्ली गोळा करत नाही."

शरच्चंद्रांनी मान्य केलं. आपलंच चुकलं होतं, वाद कशावर घालणार? विनीताबाईंनी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. त्यांनी वळणदार अक्षरात बारा ओळींची यादी लिहून टेबलासमोर चिकटवली. 'एक, नाव लिहिलेली चिठ्ठी लावणे. दोन, बॅटरी काढणे.' असं बारापर्यंत. शरच्चंद्र आता यादी बघून काम करू लागले. बेटम्याची वाट मनात उघडू लागली, की ते स्वतःला चिमटा काढत. कामं होत होती, पण संध्याकाळी हात दुखायचे. पूर्वी ते कधी दुखले नव्हते.

जानेवारीत इंदूरच्याच खजरान्याहून शर्वरी आली. ती घरूनच कुठल्याशा कंपनीचं डिझाइनचं काम करायची. तिच्या लॅपटॉपमध्ये चार जीबी रॅम होती, तिला आणखी चार हवी होती. शरच्चंद्रांनी यादी बघत, एकेक ओळ वाचत, जीव मुठीत धरून रॅमची नवी पट्टी बसवली आणि यादीतली बारावी ओळ, 'चालू करून पाहणे', वाचून लॅपटॉप चालू केला. चालू झाला. किती रॅम दाखवतोय ते पाहा, असं यादीत लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्वरी परत दारात.

"काका, तुम्ही आठ म्हणाला होतात ना? हा तर चारच दाखवून राहिला आहे. मतलब, जेवढी पहले होती तेवढीच."

नवी पट्टी लावलीच नाही की काय? शरच्चंद्रांची नजर मसाल्याच्या डब्याकडे गेली. वाट्या रिकाम्या होत्या. मागे वळून बघायची गरज नव्हती, विनीताबाई मधल्या दारात येऊन उभ्या होत्या.

"बघतो ना, बेटा. बैस."

"थोडी कमी दाखवतात ना असंही?" शर्वरी म्हणाली. "मी नेटवर वाचलं."

"थोडी दाखवतात. स्क्रीनवरच्या चित्रासाठी मशीन स्वतःच थोडी बाजूला काढून ठेवतं. पण अर्धी नाही गिळत कोणी."

त्यांनी टॉवेल पसरला, स्क्रू काढले, मागचं झाकण उघडलं. दोन्ही पट्ट्या आत होत्या. हुश्श! विसरलो तरी नव्हतो. मग नवी पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने घासली, परत बसवली, लॅपटॉप चालू केला. चार. मग त्यांनी नवी पट्टी बाजूला ठेवली आणि जुनी, चांगली चालणारी पट्टी नवीच्या खाचेत घालून पाहिली. स्क्रीन काळाच राहिला.

म्हणजे पट्टी नव्हे, खाचच गेली होती. खाच गेली म्हणजे सगळा बोर्ड गेला. आणि कालपर्यंत त्या खाचेला त्यांच्याशिवाय कोणाचा हात लागला होता?

शर्वरीला काही कळत नव्हतं, पण काकांचा चेहरा तिला कळला. "टेन्शन नका घेऊ काका," ती म्हणाली. त्याने त्यांना आणखीच वाईट वाटलं. त्यांना डोळ्यांसमोर स्टेशनरीचं काउंटर दिसलं, रंगीत रिफिलींचा डबा दिसला आणि त्या डब्यामागे आपण बसलेले दिसलो.

"पुन्हा एकदा करा," विनीताबाई पुढे आल्या. "मी यादी वाचते. घाई नको. दोन, बॅटरी काढणे."

शरच्चंद्रांनी काढली. जुनी पट्टी तिच्या घरात गेली. त्यांनी नवी चिमटीत धरली.

"सहा, पट्टी तिरकी धरणे."

बाहेर गल्लीत हातगाडी आली. "छोड ले लो, हरे छोड!" हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या घेऊन कोणीतरी ओरडत चाललं होतं. उघड्या दारातून ओल्या पाल्याचा वास आत आला.

मामांनी जुड्या उपटून आणल्या होत्या. वाळक्या काटक्यांवर जाळ केला होता आणि घाटे तडतडत होते. हुळा तयार होतोय, जरा धीर धर रे, मामा म्हणत होते. धीर कुठला! राखेत बोट घालायचं, भाजलं की तोंडात घालायचं, काळ्या ओठांनी हसायचं. विहिरीवर रहाटाची कुरकुर चालू होती. पाणी पाटातून गव्हाकडे निघालं होतं आणि त्याच्याबरोबर अनवाणी चालत जायला सगळी दुपार मोकळी होती. पाटाचं फळकूट मातीत नीट बसलं नव्हतं, पाणी भलतीकडे चाललं होतं. ते अंगठ्याने दाबायचं, चांगलं दाबायचं, मामा सांगत, लाजतोस काय, त्याला काही लागत नाही.

टक्.

शरच्चंद्रांनी खाली पाहिलं. पट्टीच्या दोन्ही बाजूंचे चाप बसले होते. सोनेरी कडेचा केसाएवढाही भाग बाहेर दिसत नव्हता. काल दिसत होता. मघाशीही दिसत होता. घट्ट खाच होती, तिला जोर हवा होता. आणि मोडेल, चुकेल, दुकान जाईल, या भीतीने त्यांच्या शहाण्या, जाग्या हाताने तिला नुसतं गोंजारलं होतं.

मग त्यांच्या लक्षात आलं, की यादी वाचणारा आवाज सहाव्या ओळीवरच थांबलाय. सातवी ओळ कोणी वाचलीच नव्हती. विनीताबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तो चेहरा त्या चाळीस वर्षं ओळखत होत्या. त्यांनी हाक मारायला हवी होती. मारली नव्हती.

लॅपटॉप चालू झाला. शर्वरीने वाकून पाहिलं. "आठ! काका, आठ! काय केलंत?"

"दाबली," शरच्चंद्र ओशाळून म्हणाले. "काल घाबरून हळू बसवली होती, बेटा. चूक माझीच."

चूक म्हटल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं. ठरलं ते ठरलं होतं. शर्वरी आनंदाने निघून गेली. विनीताबाई बाहेर गेल्या आणि हरभऱ्याच्या दोन जुड्या घेऊन आल्या. समोरची यादी त्यांनी हळूच सोडवली, उलटी करून टेबलावर पसरली आणि तिच्यावर घाटे सोलू लागल्या.

"दुकानात येणारं-जाणारं मशीन आजपासून मी बघणार," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी मी लावणार, हातात मी देणार. तुम्ही त्यात पडायचं नाही."

"आणि मी?"

"तुम्ही काय, तुम्ही जा बेटम्याला."

शरच्चंद्रांनी पेचकस उचलला, परत ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून टॉवेलची घडी घालू लागले. दारातून उन्हाचा पट्टा टेबलावर आला होता आणि सालपटांचा ढीग वाढत होता.

मग विनीताबाईंनी एक हिरवा दाणा तोंडात टाकला आणि चाळीस वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं.

"विहिरीला पायऱ्या होत्या का हो?"

"होत्या," शरच्चंद्र म्हणाले. "सात. शेवटची पाण्यात होती. सांभाळून उतर."