टाचणी आणि शिल्लक नफा

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कंपनीत हिशेबनिसांना त्यांच्यामागे सगळे टाचणी म्हणत, कारण सुटा कागद दिसला की त्यांच्या हातांना चैन पडत नसे. एकतीस वर्षांचे ताळेबंद त्यांनी कपाटात सालवार लावून ठेवले होते, आणि ते उघडून पाहावेत असं आजवर एकाच माणसाला वाटलं होतं. तो माणूस म्हणजे ते स्वतः. मालक ताळेबंद वाचत नाहीत याचं त्यांना पूर्वी वाईट वाटे. यंदा दोघांनी वाचला, आणि न वाचण्यात केवढी शांतता होती ते त्यांच्या ध्यानात आलं.

वाचणारे होते मधले आणि धाकटे भाऊ. थोरले वारल्यापासून कारखाना त्यांची पत्नी, म्हणजे या दोघांची वहिनी, चालवत होती. वाटे तिघांचे सारखे; कष्टांवरचा हक्क मात्र दोघा दिरांनी मोठ्या मनाने वहिनींना सोडून दिला होता. संचालकांच्या त्या सभेला दोघे चक्क वेळेवर आले.

मधल्यांनी ताळेबंदातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "शिल्लक नफा, एक कोटी बारा लाख. वहिनी, एवढी शिल्लक, आणि आम्हाला पत्ताही नाही?"

"दरवर्षी याच कागदावर सही करता की, भाऊजी."

"सही करतो हो," धाकटे प्रामाणिकपणे म्हणाले, "पण वाचत कोण बसतंय?"

"ते सोडा," मधले म्हणाले. "ठराव घ्या. ही शिल्लक तिघांत वाटायची. बँकेत कमी पडत असतील तर ते पुठ्ठा कापायचं मोठं यंत्र विकू. गिऱ्हाईक मी बघून ठेवलंय."

दोन मतं एका बाजूला पडली की ठराव होणार होता. मोठं यंत्र गेलं असतं तर बावीस कामगारांच्या हाती कात्र्या देण्यापलीकडे वहिनींना काही करता आलं नसतं. त्यांनी टाचणींकडे पाहिलं.

"काका, बँकेत किती आहेत?"

"दोन लाख चाळीस हजार. शुक्रवारी पगार आहेत."

"मग बाकीचे कुठं ठेवलेत?" धाकट्यांची नजर कपाटाकडे गेली.

"चला, दाखवतो," टाचणी म्हणाले, आणि ताळेबंद बगलेत मारून ते कारखान्यात शिरले.

आयुष्यभर खुर्चीत बसून बोललेला माणूस उभ्याने बोलू लागला की त्याला वेगळाच चेव येतो. मोठ्या यंत्राच्या पत्र्यावर त्यांनी हात ठेवला. "हे बेचाळीस लाख. ही वाढवलेली शेड, तेवीस. ती कागदाची रिळं, चौदा. गिऱ्हाइकांकडून यायचेत पंचवीस. ते इथं दिसणार नाहीत, गिऱ्हाईकही पैसे मागायला गेलं की दिसत नाही. दरवर्षी झालेला नफा तुम्ही वाटून घेतला नाहीत, म्हणून तो साठत गेला. पण साठला तो असा. नोटांच्या रूपात नव्हे."

"मग शिल्लक कशाला लिहिलंत?" मधले कडाडले. "शिल्लक म्हणजे उरलेली रक्कम. शाळेतल्या पोरालाही कळतं!"

टाचणींनी बगलेतला ताळेबंद उघडून तो शब्द पाहिला. पहिल्या वर्षी नफा झाला होता चार हजार तीनशे, आणि तो खरोखर पत्र्याच्या एका डब्यात पडून होता. म्हणून त्यांनी विश्वासाने लिहिलं, 'शिल्लक'. दुसऱ्या वर्षी त्याच पैशांचा कागद आला, डबा रिकामा झाला. आकडे त्यांनी बदलले, शब्द तेवढा तसाच पुढे ओढला. पुढची तीस वर्षं एकेक पैशाचा ताळा जमवणाऱ्या या गृहस्थांनी त्या एका शब्दाचा ताळा कधीच पाहिला नव्हता.

"चूक माझी," ते म्हणाले. "संचित नफा म्हणायला हवं होतं."

"चूक कबूल केलीत, उत्तम. पण बँकेतले धरूनही तुमच्या बेरजेत जवळजवळ सहा लाख कमी भरतायत," मधले विजयी मुद्रेने म्हणाले. त्यांनी बेरीज केली, हीच त्या दिवसाची खरी बातमी.

"भरतायत ना. या इकडे." टाचणींनी कोपऱ्यातली ताडपत्री उचलली. "खोकी चिकटवण्याचं यंत्र. घेतलं नऊला, झिजेचा घसारा जाऊन पुस्तकात सहा."

"हे चालतं?" धाकट्यांनी विचारलं.

"चाललं ना, एक दिवस. खोकं चारही बाजूंनी असं पक्कं चिकटवलं की आत काही ठेवायची सोयच उरली नाही. तुमच्या मित्राकडून घेतलेलं, नाही का, भाऊजी?" वहिनींनी मधल्यांना अगदी गोड आवाजात विचारलं.

"तेव्हा ते नवं तंत्र होतं!"

"हे तोट्यात टाका म्हणून मी दरवर्षी टिपण लावतो," टाचणी म्हणाले, "आणि तुम्ही दरवर्षी ते न वाचताच नामंजूर करता. आज मंजूर केलंत तर संचित नफा एका सहीत सहा लाखांनी उतरेल. नफा राखला की तो शहाणपणानेच वापरला जातो असं नाही, साहेब. किती राखला याच्याइतकंच, कशात घातला तेही बघावं लागतं."

धाकट्यांनी एकदा धडधडणाऱ्या मोठ्या यंत्राकडे पाहिलं, एकदा ताडपत्रीकडे. "दादा, तुझं गिऱ्हाईक हे घेईल का रे?"

मधल्यांनी ताडपत्री पुन्हा ओढून घातली.

"मग मी वहिनींच्या बाजूने," धाकटे म्हणाले. "मोठं यंत्र विकायचं नाही."

ठराव फेटाळला गेला. चिकटवणारं यंत्र भंगारात काढायचं ठरलं, आणि मधल्यांनी एकच अट घातली: इतिवृत्तात त्यांचं नाव येता कामा नये. टाचणींनी ती तंतोतंत पाळली. 'सदर यंत्र तत्कालीन तीन संचालकांपैकी एकाच्या आग्रहावरून खरेदी करण्यात आले होते,' असं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि त्याखाली त्या वर्षीच्या सभेचं जुनं पान टाचून टाकलं, ज्यावर थोरल्यांचा विरोध आणि धाकट्यांचं नुसतं 'हरकत नाही' सहीनिशी नोंदलेलं होतं.