मारिटचे पहिले डॉक्टर

मारिट ओस्टबीने विमा कंपनीतली नोकरी सोडायचं ठरवलं, तेव्हा डलूथ बंदरातल्या तिच्या घरी दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. नोकरी तशी झकास होती. खिडकीजवळचं टेबल, पेन्शन, आणि वडिलांना सगळ्यात प्रिय असलेला दातांचा विमा. लॉयड ओस्टबींचा जन्म गोदीवर लोखंडाची खनिजमाती बोटीत भरण्यात गेला होता. ना वारा ना बर्फ, वर पगार वेळेवर, अशी नोकरी सोडणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. आता ते आपल्याच घरात निघालं.

मारिटला मेडिकलला जायचं होतं. पहिल्या खेपेच्या मुलाखतीत एका बाईंनी विचारलं होतं, की आजवर किती आजारी माणसांना हात लावलास? मारिट म्हणाली, त्यांची बिलं रोज हाताळते. बाई हसल्या, आणि आठवड्याने कॉलेजचा नकार आला. मग तिने टेकडीवरच्या वृद्धाश्रमात मदतनिसाची जागा धरली. म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. पगार जवळजवळ निम्मा, आणि तोही पुढे राहील याची खात्री नाही.

"लोकांची ढुंगणं पुसायला कॉलेजात गेली होतीस का गं?" लॉयड म्हणाले.

"डॉक्टर झाल्यावर एकदम जमत नाही ते, बाबा. आधी सवय लागते."

विमा कंपनीतल्या साहेबीणबाई, ग्लेनिस, मुरलेल्या होत्या. त्यांनी राजीनामा घेतलाच नाही. महिनाभर खुर्ची राखून ठेवते म्हणाल्या, आणि असं हसल्या की मारिटचे कान तापले.

वृद्धाश्रमात पहिल्या सकाळी मुख्य नर्स योलांडा फोनवर अडकली होती. मारिट जिन्यापाशी ताटकळत उभी असताना पांढरा कोट, टाय, गुळगुळीत दाढी असे एक वयस्क गृहस्थ आले. नवीन दिसतेस, म्हणाले, राउंडला चल. मारिटला आनंद मावेना. पहिल्याच दिवशी डॉक्टरांबरोबर राउंड!

डॉक्टर खोलीखोलीत शिरत, नाडी बघत, गंभीरपणे मान हलवत. इर्माबाईंना हाडांसाठी आइस्क्रीम, दोन वाट्या. हॅरल्डना आज आंघोळ नको, छाती नाजूक आहे. कुणाला पत्ते, कुणाला दुपारची डुलकी. म्हातारी मंडळीही "बरं, डॉक्टर" म्हणत डोळे मिटत होती. मारिटला वाटलं, काय श्रद्धा आहे यांची! तिने सगळे हुकूम धावतपळत अमलात आणले.

जेवणाच्या वेळी योलांडा वर आली, तर कुणाचीच आंघोळ झालेली नाही आणि सगळा मजला आइस्क्रीम खात बसलेला. मधुमेह असलेल्या एका आजोबांच्या तोंडाजवळ गेलेला चमचा तिने झडप घालून काढून घेतला आणि मारिटकडे वळली. डॉक्टर म्हणे! तो एमिल थिबोडो. कोपऱ्यातल्या खोलीत राहतो, जन्मभर न्हावी होता, आंघोळ चुकवण्यात पटाईत, आणि कोट त्याच्या दुकानातला. मारिटला जमीन दुभंगावी असं झालं.

संध्याकाळी गाडीत बसून तिने ग्लेनिसबाईंचा नंबर काढला. वर पाहिलं तर खिडकीत एमिल टाय सारखा करत तिला हात करत होता. आपण आज गेलो, तर हा माणूस मरेपर्यंत ही गोष्ट रंगवून सांगणार, हे तिच्या लक्षात आलं. तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी भरल्या जेवणघरात ती एमिलसमोर अदबीने उभी राहिली.

"डॉक्टर, एका पेशंटबद्दल सल्ला हवा होता. कोपऱ्यातल्या खोलीत असतो. आधी न्हावी होता. आंघोळीचं नाव काढलं की पळतो. शेजारच्या बायका नाक धरून जेवतात. काय करू?"

चमचे थांबले. इर्माबाई तर कान पुढे करून बसल्या. एमिलने बराच वेळ हनुवटी खाजवली.

"केस अवघड आहे," तो शेवटी म्हणाला. "पाणी कोमट ठेव."

"आणि साबण?"

"साबण... बेताचा."

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. रोज आंघोळीआधी तो तासभर हुज्जत घालायचा, आणि रोज ती त्याला त्याच्याच डॉक्टरकीत अडकवायची.

महिना संपत आला तसा ग्लेनिसबाईंचा फोन आला. खुर्ची आहेच, वर बढती. मारिट म्हणाली, उद्या सांगते. रात्रभर तिला झोप लागली नाही. पगार खरंच पुरत नव्हता, कंबर दुखत होती, आणि कॉलेज पुन्हा नाही म्हणालं तर ना ही नोकरी ना ती.

सकाळी तिने एमिलला आंघोळीला बोलावलं. "बरं," म्हणून तो उठला. कोटाची बटणं वरखाली लागली होती. मारिट तशीच योलांडाकडे गेली.

"एमिलला बरं नाहीये."

"ताप आहे?"

"नाही. पण वाद न घालता आंघोळीला निघाला."

योलांडा घास तोंडात ठेवूनच उठली. म्हाताऱ्यांचं दुखणं ताप न येताही बळावतं, हे तिला ठाऊक होतं. दुपारपर्यंत एमिल इस्पितळात होता. न्यूमोनिया निघाला. वेळेवर सापडला, म्हणून आठवड्याने परत आला, आणि तिथल्या डॉक्टरांना टाय बांधता येत नाही अशी तक्रार करत खोलीत शिरला. पण तो इस्पितळात गेला त्याच संध्याकाळी मारिटने ग्लेनिसबाईंना खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितली होती.

पुढच्या वर्षी दोन कॉलेजांनी नकार दिला, तिसऱ्याने घेतलं. लॉयड गॅरेजमध्ये मासे साफ करत होते, तिथेच तिने बातमी सांगितली. कमवायला किती वर्षं लागतील, एवढंच त्यांनी विचारलं. उत्तर ऐकून "हं" म्हणाले आणि खवले काढत राहिले. मारिट आत गेली. हात धुवायच्या आधीच लॉयड कुंपणापाशी पोचले होते, आणि शेजाऱ्याला नीट ऐकू येत असतानाही त्याला मोठमोठ्याने सांगत होते, की आमच्या डॉक्टरीणबाईंना आता वेळ नसतो, तुझ्या गुडघ्याचं काय ते लवकर विचारून घे.