पाव्हणे येऊन राह्यले

आमच्या संस्थेला अजून धड ऑफिसही नव्हतं. छोट्या दवाखान्यांचा दर्जा तपासून त्यांना प्रमाणपत्र द्यायचं, एवढ्यासाठी ती उभी राहत होती. निकषांचा मसुदा तयार होता आणि तो एखाद्या खऱ्या दवाखान्यात लावून पाहायचा होता. मी कॉलेजात शिकवते. रुग्णांच्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं म्हणून मला घेतलेलं. बुलडाणा जिल्हा ठरला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर हिंडायला मिळेल म्हणून.

जाणार असाल तर शेगावला उतरा, तिथे बऱ्याच गाड्या थांबतात. मुक्काम खामगावात करा. लॉज साधे पण स्वच्छ आहेत. मार्चअखेरीसही ऊन असं होतं, की दुपारी बाजारातली दुकानं अर्ध्या शटरवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि गटप्रमुख सावंत सर भाड्याच्या गाडीने निघालो. सर हॉस्पिटल व्यवस्थापनातून निवृत्त झालेले. वडनेर भोलजीच्या पुढे, आत एका गावात दवाखाना होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नांदुरा सोडल्यावर हायवेवरच्या टपरीवर थांबलो. आलुबोंडा आणि वर ओतलेला लाल रस्सा. जरूर खा, पण आधी पाणी जवळ ठेवा.

समोरून आलेली एक काळीपिवळी, म्हणजे वडापची जीप, तिथेच थांबली. आत एक गरोदर बाई दांड्याला डोकं टेकून, डोळे मिटून बसली होती. तिची सासू पाणी घ्यायला उतरली. मी विचारलं, कुठे निघालात?

“खामगावले. सुनीचे दिवस भरले. कळा सुरू झाल्या तं गावातल्या दवाखान्यात नेली. आज घेत नाई म्हणे.”

“का?”

“मोठे पाव्हणे तपासाले येऊन राह्यले म्हणे. दवाखाना धुऊन-पुसून ठेवला. एक बाळंतपण झालं का सारं खराब होते न मंग.”

“चाला न मावशी,” ड्रायव्हर ओरडला, “पाव्हणे काई तुमची आरती कराले थांबले नाई!”

मी गावाचं नाव विचारलं. आम्ही निघालो होतो तेच गाव. पाहुणे आम्हीच होतो.

सरांनी लगेच फोन लावला. तिथले डॉक्टर म्हणाले, गैरसमज झाला, परत पाठवा. मी मावशींना म्हटलं, “परत चला, घेतील आता. आम्ही बोललोय.”

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “तुमीच का ते पाव्हणे?”

“हो.”

“गेटावरून वापस लावून देल्लं बाई. आता घेतलं तरी कोन्या मनानं हात लावतीन? पुढंच जातो.”

काळीपिवळी निघून गेली. आमची गाडी रिकामी होती, वेगाने जाणारी होती. त्या दोघींना तिच्यात घालून आपण खामगावला वळावं, हे मला सुचलं ते वडनेर मागे पडल्यावर.

दवाखान्याच्या दारात रांगोळी होती, आत फिनाइलचा वास. प्रसूतीच्या टेबलावरचं नवं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. खाटा रिकाम्या, चादरी ताणलेल्या. डॉक्टर माणूस वाईट वाटला नाही, हे लिहायलाच हवं.

“मॅडम, मी गर्दी नको एवढंच म्हटलं होतं,” ते म्हणाले. “हे प्रमाणपत्र मिळालं तर इथे योजना लागू होईल. गावच्या बायांना फुकट बाळंतपण.”

हात धुण्याची सोय, कचऱ्याचे वेगळे डबे, बाहेर पडायच्या वाटेच्या पाट्या: सगळं बरोबर होतं. आज कुणाला परत पाठवलं, हे आमच्या मसुद्यात कुठेच विचारलेलं नव्हतं. मी ते लिहूया म्हटलं, तर सर म्हणाले, “आपण निकष तपासायला आलोय.” जेवणात वांग्याची भाजी होती.

संध्याकाळी खामगावच्या मोठ्या दवाखान्यात गेले. व्हरांड्यात टॉवेल अंथरून मावशी बसल्या होत्या.

“सून वाचली,” त्या म्हणाल्या. “लेकरू नाई वाचलं.”

तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं, लवकर पोचली असती तर? “कदाचित,” ते म्हणाले. “कदाचित तरीही नाही.” हे उत्तर घेऊन मी मावशींजवळ येऊन बसले. त्यांना ते सांगितलं नाही. कोणासाठी लपवलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग त्यांनी विचारलं, “पास झाला का तो दवाखाना?”

मला तो टोमणा वाटला. तो नव्हता.

“झाला असन तं बरं. धाकट्या सुनीले सातवा लागला. पुन्हा पाव्हणे तं नाई येनार न मंग?”

परतल्यावर मी बैठकीत सगळं सांगितलं. मसुद्यात एक प्रश्न वाढला: तपासणीच्या दिवशी रुग्ण परत पाठवले का? हो किंवा नाही. उत्तर दवाखान्यानेच द्यायचं. न कळवता जाऊया, असंही मी म्हटलं. छोटे दवाखाने बिचकतील, पुढे पाहू, असं ठरलं.

या वाढलेल्या प्रश्नासह त्या दवाखान्याची फेरतपासणी व्हायची आहे. तारीख त्यांना आधी कळवायचं काम माझ्याकडे आलंय. धाकट्या सुनेला आता नववा असेल.

पत्र टाइप करून ठेवलंय. अजून पाठवलेलं नाही.