डाव्या हाताचा विळा

ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते तेवढ्यात आईचा फोन आला. "बाबा ऐरणीजवळ बसलेत गो... हाक मारतेय तर बोलत नायत." शहापूरहून मुरबाडकडच्या आमच्या गावापर्यंत मी रिक्षातून तिला सांगत होते, पाणी पाज, वारा घाल. ती हो हो म्हणत होती. नंतर कळलं, फोन केला तेव्हाच ते गेलेले होते आणि तिला ते माहीत होतं. मी नीट घरी पोचावं म्हणून ती हो म्हणत राहिली...

माझे बाबा लोहार. हे लिहिताना मला कसलाच कमीपणा वाटत नाही. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि ती त्यांच्या कोयत्यांवर झाली. म्हसा गावच्या जत्रेत गिऱ्हाइकाने भाव विचारायच्या आधीच ते सांगायचे, "पोरगी बीकॉम झाली हां!" "मंग कोयता काय इंग्रजीत कापल?" असं कुणी चिडवलं की खूश व्हायचे. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यांचं पोलाद तापवून कोयते, विळे सगळेच घडवतात. पण बाबा हात बघितल्याशिवाय पातं विकत नसत. "हात दाखव," म्हणायचे, आणि पकड बघून मूठ, वाक ठरवायचे.

असाच एकदा डोंगरातल्या पाड्यावरच्या सुंदराबाईने डावा हात पुढे केला. भात कापताना ती कायम मागे पडायची, घरचे तिला आळशी म्हणायचे. बाबांनी तिचा विळा निरखून बघितला. विळ्याचे दाते एकाच अंगाने घासलेले असतात, उजव्या हाताच्या सोयीने. डाव्याने ओढला की तो भाताच्या काड्यांवरून घसरतो. "बाय, तू आळशी नाय. विळाच तुझा नाय." मग कितीतरी पाती वाया घालवून त्यांनी दुसऱ्या अंगाने दाते पाडलेला विळा केला. बाजारातले लोहार हसले, "म्हातारा उलटं काम करतोय." त्या कापणीत सुंदराबाई सगळ्यांच्या पुढे होती. पुढे पार कसाऱ्याकडूनसुद्धा डावखुऱ्या बाया आमच्या दारी यायला लागल्या. लहानपणी ज्या हातावर मार खाल्ला, तोच हात बाबांपुढे धरायच्या... लाजत लाजत.

परवा सुंदराबाई आली. भात पिकलंय, तिचा विळा झिजलाय, आणि नवा बाबांनी अर्धाच घडवून ठेवलाय. दुसरं कुणी तसा करत नाही. "होईल का गो?" तिने आईला विचारलं. आई नुसतं "बस" म्हणाली आणि मला भट्टी पेटवायला लावली. आमच्याकडे घण आईच मारते, लग्न होऊन आली तेव्हापासून. बाबा सांडशीत लोखंड धरायचे, दुसऱ्या हातातली हातोडी हलकेच वाजवून जागा दाखवायचे, आणि आईचा घण नेमका तिथे पडायचा. बोलावं लागायचं नाही.

मी बाबांच्या जागी बसले. लाल झालेलं पातं ऐरणीवर धरलं. आईने घण उचलला... आणि तसाच धरून ठेवला. लाली उतरत गेली, लोखंड काळं पडलं.

"आई, मार ना."

"कुठं मारू गो? त्यांनी दाखवलं नाय अजून."

मी पातं पुन्हा तापवलं. या वेळी हातोडी हातात घेतली आणि वाजवली. घण पडला, अगदी जागेवर. पुन्हा वाजवली, पुन्हा पडला. विळा होणार होता. पण प्रत्येक वेळी घण उचलताना आई माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर माझ्या डोक्याच्या जरा वर जात होती, बाबांचा चेहरा असायचा तिथे.