सांगड

काल बचत गटाच्या बैठकीत मॅडम म्हणाल्या, "घर आणि कामाची सांगड घालायला शिका," आणि माझ्या नाकात ओल्या सुतळीचा वास भरला. आम्ही भोई. हर्सूलच्या तलावात जाळं टाकायला माझा थोरला भाऊ पोटाखाली मोठा वाळलेला भोपळा बांधून उतरायचा. त्या भोपळ्यालाच आमच्यात सांगड म्हणायचे. "एकच तर भोपळा हाय, मग सांगड कशी?" असं मी एकदा विचारलं, तर दादा हसून म्हणाला, "दुसरा मी नाय का?" त्या सकाळी धुकं लई होतं. आई अन् मी टोपली घेऊन काठावर थांबलो होतो. बऱ्याच वेळानं धुक्यातून नुसता भोपळा आला, हलत हलत, मागं सुतळी ओढत. आईनं तो उचलून पदरानं पुसला. पाण्याजवळ 'बुडाला' हा शब्द आमच्यात कुणी काढत नाही. ती एवढंच म्हणाली, "सांगड सुटली गं." दादा सापडलाच नाही. काल बैठकीतून घरी आले, नळ सोडला, हंडा भरून वाहायला लागला तरी बंद करायला हात होईना. लग्न होऊन मी शहरात आले खरी, पण आमच्या गल्लीला पाणी हर्सूलचंच येतं.